सतरा नंबरची टीप

बळवंत देवरे ह्या माणसाने माझं जेवढं डोकं खाल्लं, तेवढं माझ्या सासरच्या सगळ्या माणसांनी मिळूनही खाल्लेलं नाही. आणि माझं सासर काही साधं नाही, हे आमच्या सिडकोत कुणालाही विचारा.

सत्त्याण्णव साली मी नाशिकमध्ये शरणपूर रोडवरच्या एका डीटीपीच्या दुकानात ऑपरेटर होते. मालक बागूलशेठ. आधी आमच्याकडे लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल असली कामं असायची. मग शेठना सातपूरच्या कारखान्यांची कामं मिळायला लागली. मशीन कसं चालवायचं, कुठे हात लावायचा, कुठे नाही, अशा कामगारांसाठीच्या मराठी पुस्तिका. कंपनीतला कुणीतरी इंग्रजीवरून मराठी करून पाठवायचा आणि मी ते पेजमेकरमध्ये पानात बसवायची. ते मराठी असं असायचं की 'सदर यंत्राचे परिचालन करणेपूर्वी' इथपर्यंत वाचून कामगाराने पुस्तिका पंख्यासारखी वापरायला घ्यावी. शेठ म्हणाले, मशीन कळणारा आणि मराठी कळणारा एक माणूस बघतो. आणि त्यांनी देवरेसाहेबांना आणलं.

देवरेसाहेब मूळचे सटाण्याकडचे. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये तीस वर्षं काढून नुकतेच रिटायर झालेले. अंगात पांढरा हाफशर्ट, खिशाला दोन पेनं, एक लाल, एक निळं. बोलणं कमी. पण जे बोलतील ते दोनदा, कारण समोरच्याने काही सांगितलं की ते त्यालाच परत म्हणून दाखवायचे. कंट्रोल रूमची सवय. चहावाला आला आणि शेठ म्हणाले, "तीन कट, एक बिनसाखरेचा," की साहेब लगेच, "म्हणजे तीन कटिंग, त्यांपैकी एक बिनसाखरेचा. बरोबर?" चहावाला वैतागून म्हणायचा, "बरोबर हाय ना बाबा, शेठनी सांगितलं ना." साहेब मान हलवायचे. चहा मात्र आमच्याकडे कधी चुकीचा आला नाही.

मला ते 'मॅडम' म्हणायचे. मी तेव्हा बावीस वर्षांची. घरी मला कुणी मनीषासुद्धा म्हणत नव्हतं, मनी म्हणायचे. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. चौथ्या दिवसापर्यंत तो शब्द ऐकला की मी घड्याळाकडे बघायला लागले, कारण 'मॅडम'च्या मागे टीप असायचीच.

बाकीची दुनिया प्रूफ कागदावर तपासते. कागदाची प्रिंट काढायची, समासात खुणा करायच्या, ऑपरेटरने त्या बघून दुरुस्त्या करायच्या. साहेबांना ते मान्य नव्हतं. म्हणे, कागद उडतो, चहा सांडतो, कुणी त्यात भजी बांधतं. टीप जिथे चूक आहे तिथेच लागली पाहिजे. म्हणजे पेजमेकरमध्ये, पानावर. तेव्हा त्या सॉफ्टवेअरात टीप लिहायची वेगळी सोय आम्हाला तरी ठाऊक नव्हती. मग साहेबांनी माझ्याकडूनच शिकून घेतलं आणि चुकीच्या शेजारी लाल चौकट काढून तिच्यात दोन बोटांनी टाइप करायला सुरुवात केली. वर नंबर, खाली 'ब. दे.' आणि वेळ. वेळसुद्धा दुपारचे दोन वीस अशी नाही. १४:२०.

पहिल्या बत्तीस पानी पुस्तिकेवर त्यांनी एकेचाळीस टिपा लावल्या. मी जेवून आले तर स्क्रीनवर नुसत्या लाल चौकटी. एका टिपेत लिहिलं होतं, 'हे वाक्य वाचून मी नट उलटा फिरवला असता.' दुसरीत, 'ह्या कामाला तीन हात लागतील. माणसाला दोन असतात.' आणि हे ते उगाच लिहीत नसत. पायरीपायरीने दिलेली प्रत्येक सूचना ते आधी करून बघायचे. जेवणाचा डबा म्हणजे मशीन. मला म्हणायचे, "मॅडम, तुम्ही वाचा, मी करतो." मी वाचायची, "डाव्या हाताने झाकण धरून उजव्या हाताने बोल्ट सैल करा व झाकण काढून घ्या." ते डब्याला तसे हात लावायचे आणि मग थांबायचे. "आता पाना कुठे ठेवू?" गिऱ्हाइकं बघत असायची. पत्रिका छापायला आलेल्या एका नवरीच्या बापाने मला हळूच विचारलं होतं की ह्यांना काही त्रास आहे का.

टिपा कितीही लावू देत, मी दुरुस्त करून उडवून टाकीन, असं मला वाटलं होतं. ते त्यांनी होऊ दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी चार चुका दुरुस्त करून त्या चार चौकटी पुसल्या, तर साहेब खुर्चीतून उठले. "हाई काय शे?" चिडले की त्यांच्या तोंडी अहिराणी यायची. मग स्वतःला आवरून मराठीत म्हणाले, "मॅडम, हे काय? टीप ज्याने लावली त्यानेच काढायची. तुम्ही दुरुस्ती करा, मी बघतो, मग मीच काढतो."

मी विचारलं, असा नियम कुठला? तर तो त्यांच्या वीजकेंद्रातला. तिथे एखादा पंप दुरुस्तीला घेतला की त्याच्या स्विचला एक पुठ्ठ्याचा टॅग बांधतात. काम चालू आहे, सुरू करू नये, आणि खाली काम करणाऱ्याचं नाव. तो टॅग ज्याच्या नावाचा आहे त्यानेच सोडायचा. तिथला मोठा साहेबसुद्धा सोडणार नाही. कारण आत कुणाचा हात आहे हे फक्त त्यालाच माहीत असतं. एकदा एक फिटर टॅग न सोडताच रजेवर निफाडला गेला, भाच्याच्या हळदीला. पंप दुरुस्त झालेला, सगळे तयार, पण टॅग तसाच. शेवटी जीप पाठवली. हळद लागलेल्या कपड्यांत तो आला, टॅग सोडला, त्याच जीपने परत मांडवात गेला. साहेब हे सांगताना अभिमानाने फुलून यायचे. मी मात्र म्हटलं, "साहेब, तिथे माणूस मरतो. इथे कोण मरतंय?"

"ते छापल्यावर कळतं," ते म्हणाले.

ह्या नियमाने माझा जीव मेटाकुटीला आला. काम संपलं तरी संपायचं नाही. साहेब येणार, टीप वाचणार, दुरुस्ती वाचणार, डबा घेऊन करून बघणार, मग ती चौकट निवडून पुसणार. कधीकधी एकीच्या जागी दोन नव्या लावणार. शेठ मला ओरडायचे, मी आतल्या आत धुमसायची, आणि साहेब बशीत चहा ओतून शांतपणे फुंकर मारत बसायचे. भांडायला तरी यावं माणसाने, तेही नाही.

त्यातच ते पोस्टरचं झालं. एका कंपनीचं ग्राइंडरचं पोस्टर होतं, एकाच रंगात, काळ्यात. त्यावरच्या फोटोशेजारी साहेबांनी लाल चौकट लावलेली होती आणि ती राहून गेली. स्क्रीनवर लाल दिसतं हो, पण आमच्या लेझर प्रिंटरवर सगळंच काळं यायचं. छपाईची प्लेट करणाऱ्याला वाटलं, हाही मजकूरच. पाचशे पोस्टरं छापून गेली, आणि कारखान्याच्या भिंतीभिंतीवर लागलं: 'हा माणूस चष्मा न घालता ग्राइंडर चालवतो आहे. असा फोटो देऊ नये. ब. दे. १५:४०.'

शेठना झटका यायचाच बाकी होता. साहेब म्हणाले, "वाचलं ना सगळ्यांनी?" आणि खरी गंमत म्हणजे कंपनीने गुपचूप फोटो बदलून पोस्टर पुन्हा छापून घेतलं. पण शेठनी मला बजावलं, ह्यापुढे काम बाहेर जाताना पानावर एकही लाल चौकट दिसली तर घरी बसायचं. म्हणजे एकीकडे साहेब म्हणणार चौकट काढायची नाही, दुसरीकडे शेठ म्हणणार राहता कामा नये. मध्ये मी.

आणि मग ती पुस्तिका आली. सातपूरच्याच एका कारखान्याची, पॉवर प्रेसची. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशीन. आकाराप्रमाणे आतला साचा बदलावा लागतो, त्याला डाय म्हणतात. तो कसा बदलायचा ते पायऱ्यापायऱ्यांनी दिलं होतं. साहेबांनी बावीस टिपा लावल्या. हळूहळू एकवीस सुटल्या. एक राहिली, सतरा नंबरची. ती मला आजही पाठ आहे.

'पायरी ४ मध्ये स्विच बंद करा. पायरी ५ मध्ये डाय काढा. पण स्विच बंद केल्यावरही मोठे चाक बराच वेळ फिरत राहते आणि प्रेस खाली येऊ शकते. चाक पूर्ण थांबेपर्यंत हात आत घालू नये, हे वाक्य कुठे आहे? कंपनीस विचारणे. ब. दे. ११:०५.'

साहेबांना चार दिवस सटाण्याला लग्नाला जायचं होतं. जाताना ते म्हणाले, "मॅडम, सतरा उघडी आहे. कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरना विचारा, त्यांचं उत्तर लिहून ठेवा. मी आल्यावर काढतो." मी म्हटलं, हो. दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ऑफिसर मीटिंगमध्ये. तिसऱ्या दिवशी शेठ आले ते घामाघूम. कारखान्यात सुरक्षा सप्ताहाचं उद्घाटन उद्याच होतं, पुस्तिका उद्याच वाटायच्या होत्या, दुपारपर्यंत काम छापखान्यात गेलं पाहिजे. मी म्हटलं, एक टीप आहे. शेठ म्हणाले, "टिपेचं काय लोणचं घालायचंय?"

मी ती चौकट निवडली आणि डिलीट दाबलं. ते वाक्य मला स्वतःला घालता आलं असतं, हे मला नंतर सुचलं. तेव्हा नाही सुचलं. तेव्हा मला फक्त ती लाल चौकट नको होती.

साहेब परत आले, त्यांनी छापील पुस्तिका उघडली, त्या पानावर गेले आणि म्हणाले, "सतरा कुणी काढली?"

मी म्हटलं, "कंपनीचा फोन आला होता. काढा म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"सेफ्टी ऑफिसर."

ते नेहमीसारखे म्हणाले, "म्हणजे सेफ्टी ऑफिसरने फोनवर सांगितलं, सतरा नंबरची टीप काढा. बरोबर?"

मी म्हटलं, "बरोबर."

मी खोटं का बोलले, ह्याला मी नंतर बरीच कारणं दिली. नोकरीची भीती, शेठचा धाक, कामाचा ताण. त्यातलं एकही खरं नाही. मला त्यांचं ते 'मॅडम' ऐकायचं नव्हतं, बस्स. इतकं हलकं कारण होतं.

साहेब तसेच उठले आणि बसने सातपूरला गेले. तिथे काय झालं ते शेठकडून कळलं. साहेबांनी सेफ्टी ऑफिसरला त्याच्या वरिष्ठांसमोर विचारलं की टीप काढा असं तुम्ही का सांगितलं. तो म्हणाला, मी काहीच सांगितलं नाही. साहेब म्हणाले, तुम्ही खोटं बोलताय. एवढ्यावर सगळं बिनसलं. साहेबांची मागणी साधी होती. प्रत्येक पुस्तिकेत त्या पानावर दुरुस्तीची एक चिठ्ठी चिकटवा, चिकटवायला मीच येतो. ऑफिसर म्हणाला, चिठ्ठी लावली तर मी खोटारडा ठरेन, एकही चिठ्ठी लागणार नाही.

शेठनी साहेबांना कंपनीत फोन लावून माफी मागायला सांगितलं. साहेब माझ्यासमोर म्हणाले, "माफी कशाची? माझ्या ऑपरेटरने मला सांगितलंय. ती कशाला खोटं बोलेल?" मी कीबोर्डकडे बघत होते. एक शब्द बोलायचा होता फक्त. बोलले नाही. शेठ म्हणाले, मग उद्यापासून येऊ नका. साहेबांनी दोन्ही पेनं खिशाला लावली, डबा पिशवीत घातला, मला म्हणाले, "येतो मॅडम," आणि गेले.

त्या पावसाळ्यात त्याच कारखान्यात पेठकडच्या एका कंत्राटी कामगाराची दोन बोटं डाय काढताना गेली. शेठ म्हणाले, "आता पुस्तक वाचून थोडंच कुणी काम करतं." मी मान हलवली.

पुढे माझं लग्न झालं. सिडकोत मी स्वतःचं दुकान टाकलं, दोन मशीन, एक मुलगी हाताखाली. आणि योग असा की त्याच कारखान्याचं चलनं, लेटरहेड, लेबलं असलं काम माझ्याकडे आलं. निम्मं दुकान त्यावरच चालायचं. पुस्तिका ते दुसरीकडे छापून घेत. त्या मी कधी मागवून बघितल्या नाहीत.

दोन हजार आठच्या सुमारास मी पेजमेकर सोडून इनडिझाइन घेतलं. त्याच्या नव्या आवृत्तीत टीप लिहायची सोय होती. शब्दावर क्लिक करायचं, टीप लिहायची, ती बारीक खूण होऊन मजकुरात बसते. कुणी लिहिली, किती वाजता, तेही आपोआप. आणि कितीही प्रिंट काढा, छापली जात नाही. हे बघितलं आणि मला रडू आलं. दहा वर्षं आधी हे असतं तर, असं म्हणून मी जरा वेळ त्या सॉफ्टवेअरवाल्यांवर राग काढला. मग साहेबांचा पत्ता शोधून नाशिकरोडला गेले. मनात असं होतं की त्यांना ही सोय सांगावी, त्यांना आनंद होईल, आणि त्या ओघात जमलं तर ते दुसरंही सांगून टाकावं.

साहेबांनी दार उघडलं. सत्तरीला टेकलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, शर्ट तोच पांढरा. "या मॅडम." मी सोय सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे टीप असते, पण छापली जात नाही. बरोबर? मग कुणी ती उघडलीच नाही तर?" सूनबाईंनी चहा आणला. चहा संपायच्या आत मी सांगून टाकलं. फोन आला नव्हता. कुणी काही सांगितलं नव्हतं. सतरा मी काढली.

त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "त्याच दिवशी सांगायचं होतं. छापणाऱ्यांची चूक म्हटली असती तर कंपनीने अर्ध्या तासात चिठ्ठ्या लावून घेतल्या असत्या. दुसऱ्याची चूक दुरुस्त करायला कुणाची ना नसते. मी त्या माणसाला खोटारडा म्हटलं, म्हणून तो अडला."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दहा वर्षं मी स्वतःला समजावत होते की खोटं बोलून मी फक्त साहेबांची नोकरी घालवली. मी चिठ्ठी घालवली होती.

"तो पेठचा मुलगा," साहेब म्हणाले, "मी सिव्हिल हॉस्पिटलला भेटलो त्याला. त्याला वाचता येत नव्हतं. मुकादमाने वाचून दाखवलं होतं. चार, मग पाच." मग उठले, आतून चप्पल घालून आले. मी विचारलं, कुठे? ते म्हणाले, "सातपूरला. पुस्तक अजून तेच वाटतात. मागच्या महिन्यात आणून बघितलं मी, तेच पान. माझं ते ऐकत नाहीत, मला गेटवर ओळखतात सगळे. तुम्ही सांगा, चूक आमची होती. ऐकतील."

माझ्या डोळ्यांसमोर चलनं आली, लेबलं आली. मी म्हटलं, "साहेब, आज दुकानात काम आहे. उद्या जाऊ."

"उद्या किती वाजता?"

"अकराला."

"म्हणजे उद्या अकरा वाजता, कंपनीच्या गेटवर. बरोबर?"

मी बरोबर म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. हे मला सांगायलाच हवं, मी गेले होते. अकराला पाच कमी असताना मी गेटसमोर रस्त्याच्या पलीकडे स्कूटी उभी केली. साहेब आधीच आलेले. हातात प्लास्टिकची फाइल. वॉचमनने त्यांना स्टूल आणून दिलं, ते बसले नाहीत. मालाचे टेम्पो आत-बाहेर करत होते, प्रत्येक वेळी ते बाजूला व्हायचे आणि परत त्याच जागी येऊन उभे राहायचे. रस्त्याच्या ह्या बाजूला त्यांचं लक्ष नव्हतं. मी बसनेच येईन असं त्यांनी धरलं असावं, कारण ते सारखे बसस्टॉपकडेच बघत होते, ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हात आडवा धरून.

साडेअकरापर्यंत ते उभे होते. तोवर मीही होते. स्कूटीवरून उतरायचं आणि वीस पावलं चालायचं, एवढंच काम होतं. मग मी गाडी वळवली.